बाप्पाला बारीक करायचं नाही

“बाप्पाला बारीक करायचं नाही,” मामंजी म्हणाले. “सांगून ठेवतो.”

फोटो स्टुडिओचे म्हसकर आमच्या पडवीत खुर्चीच्या कडेवर टेकले होते. हातात सीडी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

“काका, मूर्तीला कोण हात लावतंय?” म्हसकर म्हणाले. “फक्त फोटो लहान करायचा. ईमेलनं अमेरिकेला जायचाय ना तो. एवढा अगडबंब पाठवला तर तिकडे उघडता उघडता माणूस म्हातारा होईल.”

“होऊ दे. लहान केला की डोळ्यांची आखणी जाते. तुम्हीच दाखवलंत ना मघाशी? पापणीची रेघ गेली, बुबुळातला पांढरा ठिपका गेला. त्या एका ठिपक्यासाठी मी जन्मभर हात घासला, आणि तुम्ही म्हणता, बटण दाबून उडवतो!”

“मामंजी, पण...” मी तोंड उघडलं.

“आणि सूनबाई, वर ‘श्री गणेशाय नमः’ लिहायचं. आपल्या कारखान्यातून आजवर एक कागद त्याशिवाय बाहेर पडलेला नाही.”

“लिहीन की. मेलमध्ये विषयाची वेगळी ओळच असते. तिथेच लिहिते.”

“मग झालं तर.”

झालं कसलं डोंबल! सगळं सुरू झालं ते तिथूनच.

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या मे महिन्यातली. पेणमध्ये तेव्हाही आळी आळीतून गणपती होत होते, आजही होतात. पण ईमेल करणारी सून आमच्या आळीत मी एकटीच. लग्नाआधी अलिबागला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्या सर्टिफिकेटाचं काय करायचं ते सासरी आल्यावर बरीच वर्षं कुणाला कळलं नाही, मलासुद्धा.

मग एका हिवाळ्यात ओहायोचे मधुसूदन पळसुले पेणला आले. तिकडच्या एका मराठी मंडळाचे चिटणीस. आमची कागदाच्या लगद्याची मूर्ती त्यांनी तळहातावर उचलली आणि वेडेच झाले. “अहो, ही तर फुलासारखी हलकी! जहाजातून कशीही आदळली तरी फुटायची नाही. आम्ही दरवर्षी शाडूचे तुकडे जुळवत बसतो.” जाताना त्यांनी मला अमेरिकेतल्या अकरा मंडळांचे ईमेल पत्ते दिले. म्हणाले, “मूर्ती तयार ठेवा, वैशाखात फोटो पाठवा. मंडळं बघतील, होकार कळवतील, मग जहाजात चढवा.”

ते गेले आणि घरात जुंपली. माझे मोठे दीर प्रभाकरभाऊजी म्हणाले, “दादरचे शेठ दरवर्षी ट्रक लावून माल उचलतात. दाराशी येतात. हे अमेरिकेचं खूळ कशाला?” मी म्हटलं, “शेठ सांगतील ते ऐकायचं, शेठ म्हणतील तो रंग द्यायचा. तिकडे मूर्तीखाली आपलं नाव जाईल.” भाऊजी म्हणाले, “नाव घेऊन चाटायचंय?” मी म्हटलं, “तुम्हाला नको असेल तर मला द्या.” आमचे हे नागोठण्याला कंपनीत होते. पाळी संपवून घरी आले की दोघांचंही ऐकून घेत आणि गपचूप झोपून जात.

शेवटी मामंजींनी निकाल दिला. “एक हंगाम. जमलं तर परदेशचं सगळं काम सूनबाईचं, त्यात कुणी तोंड घालायचं नाही. नाही जमलं तर लगद्याच्या मूर्ती दादरला जातील, कॉम्प्युटर विकून टाकायचा आणि हा विषय ह्या घरात पुन्हा निघणार नाही.”

म्हणजे मी पुन्हा ओट्यापाशी. स्वयंपाकाचं मला काही वावडं नाही. पण त्या हिवाळ्यापासून सकाळी डोळे उघडले की आज माझं काहीतरी काम आहे, माझं स्वतःचं, असं वाटायला लागलं होतं. ते मला कुणालाही परत द्यायचं नव्हतं. भांडून मिळवलं होतं मी ते.

तर मेल पाठवला. इंग्रजी अक्षरांत विषय टाकला, ‘श्री गणेशाय नमः’, आणि खाली फोटो जोडला, आहे तेवढाच्या तेवढा. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, मग कुठे लागायचं. तो फोटो जायला अख्खी दुपार गेली. मामंजी स्टूल घेऊन शेजारी बसले होते. मी म्हटलं, “जाऊन पडा की जरा.” तर म्हणाले, “मूर्ती घरातून निघताना उठायचं नसतं.” मेल गेल्याचं स्क्रीनवर आलं तेव्हा त्यांनी हात जोडले आणि मगच पाणी मागितलं.

आणि मग सगळं चिडीचूप.

एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. रोज सकाळी मी मोडेम लावायची आणि पेटी रिकामीच. एक आठवण करणारा मेल पाठवला, पुन्हा तोच विषय घालून. तरी काही नाही. शेडमध्ये लगद्याचे गणपती रांगेनं तयार बसले होते, रंग झालेले, डोळे आखलेले. मुंबईचा जहाजाचा एजंट म्हणाला, “मॅडम, कंटेनरमध्ये जागा शुक्रवारपर्यंत धरतो. त्यानंतरच्या जहाजानं गेलात तर तुमचे गणपती तिकडे दिवाळीला पोचतील.”

भाऊजी रोज जेवताना विचारायचे, “काय म्हणते अमेरिका?”

“बोलेल,” मी म्हणायची आणि आमटी त्यांच्या पानात जरा जोरातच वाढायची.

मंगळवारी सकाळी एक मेल आला. माझा जीव वर-खाली. उघडून बघते तर ठाण्याची माझी मावसबहीण नंदिनी. ही बाई कुठलाही मेल आला की तो ओळखीच्या झाडून सगळ्यांना पाठवायची. वैतागून पुसणार होते, तेवढ्यात विषयाची ओळ दिसली आणि मी खुर्चीत ताठ झाले.

“मामंजी!” मी ओरडले. “मामंजी, इकडे या आधी!”

ते हातातला कुंचला तसाच घेऊन आले. भाऊजीही मागून आले. मी मोठ्यानं वाचलं.

“‘अत्यंत महत्त्वाचे! “श्री गणेशाय नमः” ह्या नावाचा मेल आल्यास कोणत्याही परिस्थितीत उघडू नका! हा अतिशय भयंकर व्हायरस आहे. उघडताक्षणी तुमची हार्ड डिस्क कायमची पुसली जाईल. ह्यावर अजून औषध सापडलेले नाही. अमेरिकेतल्या एका बड्या कॉम्प्युटर कंपनीने कालच ही घोषणा केली आहे. ही माहिती आपल्या सर्व आप्तेष्टांना ताबडतोब पाठवा!’”

“व्हायरस म्हणजे?” मामंजींनी विचारलं.

“कॉम्प्युटरचा रोग. पत्रातून पसरतो.”

“आणि तो आपल्या पत्रात आहे असं लिहिलंय?”

“हो.”

मामंजींचा चेहरा लाल झाला. “विघ्नहर्त्याच्या नावालाच विघ्न म्हणतात? कोण आहे हा गाढव?”

भाऊजी म्हणाले, “म्हणजे कुणी उघडलंच नाही पत्र. आठ दिवस आपण वाट बघतोय आणि तिकडे सगळ्यांनी न वाचता फेकून दिलं.” आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात जराशी खुशी होती. माझं डोकंच फिरलं.

“अजून शुक्रवार उजाडलेला नाही, भाऊजी.”

मी लगेच दुसरा मेल लिहिला. विषय बदलायचा म्हटल्यावर मामंजी कुरकुरले. “देवाचं नाव काढून देव पाठवायचा?” मी म्हटलं, “नाव आत पहिल्या ओळीत घालते, चालेल?” तेव्हा कुठे गप्प झाले. विषय लिहिला, ‘पेणच्या मूर्ती’. संध्याकाळी एकाच मंडळाचं उत्तर आलं, आणि तेही काय!

‘आपला मेल उघडलेला नाही. तो व्हायरस आता नाव बदलून येतो आहे आणि तो मूळ पेणचाच आहे, असे आम्हाला खात्रीलायकरीत्या समजले आहे. कृपया पुन्हा पाठवू नये.’

मी डोक्याला हात लावून बसले. रोग नाही, राई नाही, आणि जगभर बोंब! एका वाक्याला दुसऱ्यानं शेपूट लावलं, तिसऱ्यानं शिंगं लावली. लिहून कुणाचं समाधान करणार, जर लिहिलेलं उघडायलाच माणसं घाबरतात?

मग सुचलं. नंदिनीचा मेल पुन्हा उघडला आणि खाली खाली जात राहिले. ज्यानं ज्यानं तो पुढे ढकलला होता त्याचं त्याचं नाव त्यात होतं. ठाणे, पुणे, दुबई, लंडन, न्यू जर्सी... आणि खाली जावं तसा मजकूर लहान होत चालला. आधी बडी कंपनी गायब झाली, मग औषध गेलं, मग हार्ड डिस्क गेली. अगदी तळाशी दोनच ओळी राहिल्या. ‘पेणहून श्री गणेशाय नमः असा मेल आला आहे. उघडल्यावर माझा कॉम्प्युटर अडकला, जरा जपून.’ खाली सही, मधुसूदन पळसुले.

“आपलेच पळसुले!” मी म्हटलं. “हिवाळ्यात आपल्याकडे तीन वाट्या खीर प्यायलेले!”

“त्यांचा फोन नंबर आहे?” मामंजींनी विचारलं.

“कार्ड दिलंय त्यांनी.”

“सकाळी जायचं बूथवर. मीही येतो.”

बुधवारी सकाळी आम्ही बाजारातल्या फोनच्या बूथवर. घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे. आपली सकाळ म्हणजे ओहायोत आदल्या दिवशीची जेवणवेळ उलटलेली, माणूस घरी सापडायचीच वेळ. मामंजींनी काळी टोपी घातली होती, लग्नाला निघाल्यासारखी. काचेच्या त्या खोक्यात आम्ही दोघं कशीबशी मावलो.

“पळसुले, मी पेणहून ज्योत्स्ना चौलकर बोलतेय.”

पलीकडून घाबरा आवाज आला, “वहिनी, तो फोनवरून नाही ना येत?”

“कोण?”

“व्हायरस.”

मी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. “पळसुले, तो भयंकर मेल जगभर फिरतोय ना, त्याच्या तळाशी तुमचं नाव आहे. सुरुवात तुम्ही केलीत.”

“मी? अहो, मी फक्त दोघा मित्रांना लिहिलं होतं!”

“हार्ड डिस्क पुसली गेली तुमची?”

“नाही, माझी नाही गेली.”

“मग कुणाची गेली?”

“डेट्रॉइटला कुणाची तरी गेली म्हणे.”

“कुणाची? नाव सांगा.”

“नाव... तसं नाव नाही माहीत कुणाला.”

“बरं. तुमच्याकडे नेमकं काय झालं ते सांगा. अगदी पहिल्यापासून.”

“अहो, मेल उघडला. वरून मुकुट दिसायला लागला, एकेक रेघ करत. मग कपाळ आलं. मग डोळे आले. काय डोळे हो वहिनी! मी हात जोडले. मग सोंड सुरू झाली आणि तिथे सगळं ठप्प. माऊस हलेना, काही हलेना. किती वेळ वाट बघितली. मग मला भीती वाटली आणि मी वायरच उपटली.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी मामंजींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते.

“काय म्हणतो?”

“मामंजी,” मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हटलं, “फोटो मोठा होता. म्हसकर सांगत होते तेच झालं. बाप्पा हळूहळू उतरत होता आणि सोंडेपाशी जरा रेंगाळला. ह्यांना वाटलं रोग. व्हायरस-बियरस काही नाही.”

“नक्की नाही?”

“नक्की नाही.”

मामंजींनी क्षणभर टोपी सारखी केली. आता बोलतील, चुकलं माझं म्हणतील, असं मला वाटलं. कसलं काय! त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

“पळसुले, वासुदेव चौलकर बोलतोय. सोंडेपर्यंत आलेला बाप्पा सोडून तुम्ही उठलात?”

पलीकडून काहीतरी पुटपुट आली.

“घरी गणपती आणताना तो उंबरठ्याशी जरा थांबला, तर दार लावून घेता काय तुम्ही? ...मग? ...जेवण झालं तुमचं? बरं. आता मी सांगतो तसं करायचं. बायकोला बोलवा, पोरांना बोलवा. सगळ्यांनी समोर बसायचं आणि ते पत्र उघडायचं. मूर्ती घरी येतेय असं समजायचं. मुकुट येईल, डोळे येतील, सोंड येईल. थांबला तर थांबू दे. पायाशी उंदीर दिसेपर्यंत कुणी उठायचं नाही आणि वायरीला हात लावायचा नाही. उंदीर दिसला की आम्हाला घरी फोन करा.”

आता मलाही पलीकडचं ऐकू येत होतं. “काका, सगळं पटतंय हो, पण माझं ऑफिसचं सगळं काम ह्या कॉम्प्युटरमध्ये आहे. खरंच काही गेलं तर?”

मामंजी म्हणाले, “त्यातला एक शब्द जरी पुसला गेला, तर चौलकरांच्या कारखान्यात ह्यापुढे मूर्ती होणार नाही. हा माझा शब्द.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. बूथवाल्यानंही मान वर करून बघितलं. पळसुले हळूच म्हणाले, “ठेवतो, काका. फोन ठेवला तरच इंटरनेट लागेल.”

बाहेर पडल्यावर मी भडकलेच. “मामंजी, हे काय बोलून बसलात? चार पिढ्यांचा कारखाना! त्यांचा कॉम्प्युटर आपला आपण बिघडला तर? तिकडचे दिवे गेले तर?”

“तू म्हणालीस ना, नक्की व्हायरस नाही?”

“म्हणाले.”

“मग तेवढ्यावरच बोललो मी.”

ते पुढे चालायला लागले. मी तिथेच उभी. ह्या घरात लग्न होऊन आल्याला इतकी वर्षं झाली होती, पण माझ्या शब्दावर कुणी एवढं काही लावल्याचं मला आठवत नव्हतं. डोळे भरून आले. पदरानं पुसले आणि धावत त्यांना गाठलं.

घरी येऊन बघतो तर भाऊजी फोनवर. “हो शेठ, हो हो. शुक्रवारी दुपारी ट्रक पाठवाच. लगद्याच्या पण सगळ्या उचला. अहो, कसली अमेरिका घेऊन बसलात...”

मामंजी सरळ गेले आणि फोनच्या खटक्यावर बोट ठेवलं.

“अण्णा! शेठचा फोन होता!”

“शेठ दादरला आहेत, उद्याही असतील. बाप्पा वाटेत आहे. फोनला हात लावायचा नाही.”

भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच खटका दाबला होता. मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार?

मग आम्ही तिघं फोनच्या भोवती बसून राहिलो. मामंजींनी कामाला हात लावला नाही, हे मी प्रथमच बघत होते. मनात नाही नाही ते येत होतं. आता कुठवर आले असतील? कपाळ? डोळे? पळसुल्यांच्या बायकोनं कंटाळून बंद तर केलं नसेल? एकदा फोन खणखणला आणि तिघांनीही झडप घातली. शेजारच्या काकू होत्या, आमच्याकडचं पुरण-यंत्र पाहिजे होतं त्यांना. “नंतर!” असं तिघंही एकदम ओरडलो. बिचाऱ्यांनी ते यंत्र त्यानंतर कधीच मागितलं नाही.

शेवटी वाजला. लांब लांब घंटा, परदेशच्या फोनची. मामंजी मला म्हणाले, “तू घे.”

मी उचलला तर आधी नुसता गलका. पोरं ओरडत होती, कुणीतरी टाळ्या पिटत होतं. त्यातून पळसुल्यांचा आवाज आला, फुटलेला, रडका की हसरा तेच कळेना. “वहिनी! उंदीर दिसला! उंदराच्या हातातला लाडूसुद्धा दिसला!”

“आणि कॉम्प्युटर?”

“ठणठणीत! अहो, एक अक्षर गेलं नाही. सोंडेपाशी पुन्हा थांबला होता, पण आमची धाकटी म्हणाली, बाबा, उठायचं नाही, आजोबांनी सांगितलंय. बसून राहिलो. मग पोट आलं, मग मोदक आला... काय सांगू तुम्हाला!”

“मामंजी, उंदीर दिसला!” मी किंचाळले.

मामंजींनी दोन्ही हात वर केले आणि एवढ्या मोठ्यानं “गणपती बाप्पा...” म्हणाले की शेडमधल्या कारागिरांनी तिथूनच “मोरया!” केलं. भाऊजींच्याही तोंडून मोरया निघून गेलं. मी ऐकलं.

“वहिनी, मी आत्ता सगळ्या मंडळांना लिहितो,” पळसुले म्हणाले. “क्षमस्व, थोडा गैरसमज झाला होता, असं.”

“अजिबात नाही! तसलं मिळमिळीत कोण वाचतं? जसं घाबरवलंत, तसंच लिहायचं. घ्या लिहून.” आणि मी उभ्या उभ्या सांगितलं. “‘अत्यंत तातडीचे! “श्री गणेशाय नमः” हा मेल न उघडता पुसलात तर तुमच्या मंडळाला ह्या वर्षी पेणचा गणपती मिळणार नाही! ह्यावर कोणतेही औषध नाही! मी स्वतः उघडला आहे. उघडल्यावर समोर बसून राहा. उंदीर दिसेपर्यंत उठू नका! उद्यापर्यंत पेणला होकार कळवा. आपल्या सर्व आप्तेष्टांना ताबडतोब पाठवा!’”

पळसुले हसत सुटले. “वहिनी, हे जरा जास्त होतंय का?”

“ह्यातला एक शब्द खोटा आहे का सांगा.”

“नाही बुवा.”

“मग पाठवा. आणि ज्यांनी पुसलं असेल त्यांच्यासाठी आमचं पत्र फोटोसकट खाली जोडा.”

गुरुवारी सकाळी मोडेम लावला. नेहमीसारखा किंचाळला, खरखरला, आणि मग मेल यायला लागले. एकावर एक, थांबेनातच. एका मंडळाचा होकार, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. ‘डोळे बघून आई रडली.’ ‘बसलो होतो, उंदीर दिसला, मूर्ती हवीच.’ मंगळवारी ज्यांनी ‘कृपया पुन्हा पाठवू नये’ लिहिलं होतं, त्यांनी लिहिलं होतं, ‘कृपया आमची मूर्ती दुसऱ्या कुणाला देऊ नये.’ अकराच्या अकरा आले. आणि ज्यांना मी कधी पत्रच धाडलं नव्हतं, तेही यायला लागले. दुबई, सिंगापूर, लंडन. बोंब जिथे जिथे पोचली होती, तिथे तिथे तिच्या मागून बाप्पाही पोचला होता. सगळ्यात खाली एक मेल ठाण्याहून. नंदिनी! पहिल्या मेलला घाबरली होती तितकीच ती दुसऱ्यालाही घाबरली होती. ‘ज्यो, हे आत्ताच कळलं, लवकर उघड हं, नाहीतर गणपती मिळणार नाही!’

मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं.

दुपारी दादरच्या शेठचा फोन आला. भाऊजींनी घेतला. मी कान देऊन उभी होते.

“नाही शेठ,” भाऊजी म्हणाले. “लगद्याच्या एकही नाही उरली. सगळ्या परदेशी चालल्या.” मग जरा छाती काढून म्हणाले, “अहो, कमी पडताहेत.”

“आणि परदेशचं काही विचारायचं असेल,” मामंजी आतून म्हणाले, “तर सूनबाईला विचारायचं. शेठला सांग आणि तूही ध्यानात ठेव.”

शुक्रवारी ट्रक दाराशी लागला. पेंढा तिकडच्या बंदरात चालत नाही, म्हणून कागदाची कात्रणं भरून एकेक मूर्ती खोक्यात बसवली. खोकी चढवायला भाऊजी स्वतः उभे राहिले. “हळू रे, आमच्या ज्योत्स्नाचा माल आहे,” असं हमालांना सांगत होते. मी ते दोनदा ऐकलं, कारण दुसऱ्यांदा ऐकायला मुद्दाम जवळ गेले. ट्रक वळणाआड गेला तोवर मामंजी दारातून हलले नाहीत. मग पडवीत येऊन बसले.

“सूनबाई.”

“काय, मामंजी?”

त्यांनी घसा साफ केला. इकडे तिकडे बघितलं. “पुढच्या वर्षी तो फोटो... थोडा बारीक केला तरी चालेल. थोडाच हं.”

“आणि बुबुळातला ठिपका?”

“मूर्ती पोचली की दिसेलच की त्यांना.”

मी ओठ चावून हसू दाबलं आणि चहा टाकायला आत गेले.

पुढच्या वैशाखात नव्या मूर्तीचे फोटो निघाले. म्हसकरांना मी निरोप दिला की फोटो लहान करून द्या, मामंजींची परवानगी आहे. म्हसकरांचा विश्वास बसेना. आणि त्याच सकाळी पळसुल्यांचा मेल आला. विषय, अर्थातच, ‘श्री गणेशाय नमः’. मी तो घेऊन शेडमध्ये गेले. मामंजी एका मूर्तीचा डोळा आखत होते. ते रेघ मारत असताना बोलायचं नसतं, म्हणून थांबले. रेघ पुरी झाली, त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला, तेव्हा वाचायला सुरुवात केली.

“‘वहिनी, यंदा फोटो कोणत्या दिवशी पाठवणार ते आधी कळवा. त्या संध्याकाळी आमच्याकडे सगळं मंडळ जमणार आहे. पोह्यांचा बेत आहे. मुकुटापासून उंदरापर्यंत सगळे मिळून बघत बसणार आणि उंदीर दिसला की आरती. मुलं तर आत्तापासून विचारताहेत, सोंडेपाशी किती वेळ थांबेल म्हणून. आता इतर मंडळांतही असंच ठरलंय. तेव्हा काकांना माझी एक हात जोडून विनंती सांगा. फोटो लहान करू नका.’”

मामंजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मी काय सांगत होतो?”

मी घरात आले आणि म्हसकरांना फोन लावला.

“बाप्पाला बारीक करायचं नाही,” म्हटलं. “सांगून ठेवते.”